ज्याचा त्याचा पेला

बुधवार, २ जुलै १९५८

पूर्ण दिवसाची शाळा. बालवर्गात हजेरी बरी. वर्गात नखं कापायचा वार शनिवारवरून बुधवारवर आणला. शनिवारी नखं कापली की घरात अवदसा येते असं आया म्हणतात. भांडत बसण्यापेक्षा वार बदलला.

दात पाहिले. निम्म्या वर्गाचे काळे. बाळू सावंत म्हणाला, "आजी मिश्री लावते, म्हणून मीपण लावतो. मला चक्कर येत नाही, गुरुजी." अभिमानाने सांगत होता.

"आधी हात, मग भात" एका सुरात म्हणवून घेतलं. म्हणतात छान. हात धुत नाहीत.

मधल्या सुट्टीत पिंपाशी उभा राहिलो. साखळीला बांधलेला एकच जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनमचा पेला. वाहत्या नाकाची पोरं एकामागून एक तोच तोंडाला लावतात. उरलेलं पाणी परत पिंपात ओततात. गेल्या वर्षीही हे मी रोज पाहत होतो.

शा. याच पिंपाचं पाणी पीत होती. माझ्याच वर्गात. घरी बाबा म्हणायची, वर्गात गुरुजी. पुढच्या महिन्यात ती जाऊन वर्ष होईल.

हेडमास्तरांना विचारलं. प्रत्येक मुलाने घरून आपापला पेला आणावा, ज्याचा त्याचा पेला. म्हणाले, "आणवा. शाळेला खर्च नाही ना, मग आणवा."

संध्याकाळी खिचडी. ही अजून गिरगावात तिच्या भावाकडेच आहे.


शुक्रवार, ४ जुलै

पेले आले. पितळी, जर्मनचे, एक तर चांदीचा, तो परत पाठवला. कदमांच्या पोराने टमरेल आणलं. वर्ग हसून लोळला. तो रडायला लागला. त्याला सांगितलं, आईला म्हणावं पाणी प्यायचं भांडं दे.

भिंतीला फळी ठोकून घेतली. प्रत्येक पेल्याला नावाची चिठ्ठी. शिपाई सखारामच्या स्टोव्हवर पाणी उकळून घेतलं, गार करून पिंपात भरलं. सखाराम कुरकुरला, "गुरुजी, मी चहा करायचा की शाळेला आंघोळ घालायची?"

मंदा गायकवाडने काही आणलं नाही. घरी एकच तांब्या आहे, तो बाबा पाळीला नेतात म्हणाली. बाप गिरणीत आहे. हुशार पोर. नखं नेहमी कापलेली. कपाटात एक जुना कप पडला होता, दांडी तुटलेला, तो घासून तिला दिला. फळीवर जागा उरली नव्हती. खिडकीत ठेवायला सांगितला.

पहिल्यांदाच पिंपाशी दाटी नव्हती. बरं वाटलं.


शनिवार, ५ जुलै

अर्धी शाळा. बाळू सावंतची आई पेला बदलून द्यायला आली होती. वर्गात शिरून फळी पाहिली, खिडकी पाहिली. मग हळूच म्हणाली, "बरा केलात हो गुरुजी. आता आमच्या बाळूक त्या गायकवाडाच्या चेडवाच्या पेल्यातला पाणी पिऊक नको. मी कधीपासून म्हणतय, पण बोलाचा कुणी?"

मंदा दाराशीच होती. दप्तर भरत होती.

मी काही बोललो नाही. घंटा झाली. मुलं सुटली. बोलायला हवं होतं, पण काय ते सुचेपर्यंत बाई जिना उतरली होती.


रविवार, ६ जुलै

गिरगाव. दुपारी तिकडेच जेवलो. ही तांदूळ निवडत बसली होती. पेल्यांचं सांगितलं. वाटलं होतं हिला बरं वाटेल.

म्हणाली, "शाळेच्या पाण्यानंच झालं हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दुसरं कशानं?"

"चौपाटीवर रस प्यायली होती. मीच दिला. जांभळं न धुता खाल्ली होती. खालच्या नळाला त्या आठवड्यात गटाराचं पाणी येत होतं. मी रोज एकेक आठवते. तुम्ही एक धरून बसलात म्हणून तुम्हाला झोप लागते."

मला झोप लागत नाही.  ती घरी कधी येणार ते विचारलं नाही. वहिनींनी लोणचं बांधून दिलं.


मंगळवार, ८ जुलै

मंदा काल नाही, आज नाही.

दुसरीतल्या एका मुलाला मुदतीचा ताप, टायफॉइड. दवाखान्याची माणसं येऊन मोरीत पावडर मारून गेली. हे.मा. आमच्या वर्गात डोकावले, फळीकडे बघून मान हलवली. तापाचं कळलं तेव्हा पहिला विचार आला तो पेल्यांचा. वेळेवर केलं.

मंदाही आजारी असेल का. शेजारच्या मुलीला विचारलं. "नाही गुरुजी, काल खाली खेळत होती."


बुधवार, ९ जुलै

मंदाचे वडील आले. पाळी सुटल्यावर थेट. केसांत कापूस. मुलं नुकतीच गेली होती, मी फळा पुसत होतो.

"हा कप कुणाचा?"

म्हटलं, मंदाचा.

"दांडी कुठंय?"

"आधीपासूनच नव्हती."

"आणि खिडकीत का?"

"फळी भरली होती."

हसले. हसणं बरं नव्हतं. म्हणाले, "गुरुजी, आमच्या गावातही फळी भरलेलीच असायची. चहावाल्याच्या खोपटात सगळ्यांचे कप फळीवर. एक बिनदांडीचा वळचणीला खोचलेला. माझा बाप त्यात चहा प्यायचा, धुवायचा, परत खोचायचा. मी ते बघत मोठा झालो. पोरगी घरी येऊन सांगते, बाबा, गुरुजींनी मला वेगळा कप दिला, खिडकीत ठेवायचा. खुशीत सांगत होती. तिला कळलंच नाही. मग सावंतीणबाई काय बोलली तेही सांगितलं. ते मात्र तिला कळलं."

मी म्हटलं, सगळ्यांनाच वेगळे पेले आहेत, तापाची साथ आहे, पाणी उकळलेलं आहे. सगळं खरं. बोलता बोलता माझ्याच कानाला ते पोकळ लागत होतं.

"ती बाई बोलली तेव्हा तुम्ही काय बोललात?"

मी हातातल्या फडक्याची घडी करायला लागलो.

"तेवढंच विचारायचं होतं." जाताना म्हणाले, "पोर आता येणार नाही. दुसरी शाळा बघतो."

दुसरी शाळा दोन मोठे रस्ते ओलांडून आहे. ट्रामचा रस्ता त्यातलाच. सहा वर्षांची पोर.


गुरुवार, १० जुलै

हे.मां.ना कुणीतरी सांगितलंच होतं. बोलावून घेतलं.

"परब, तुमचा हेतू चांगला आहे, मला माहीत आहे. पण दिवस कसे आहेत? उद्या पन्नास माणसं दारात उभी राहिली तर मी काय सांगू? पेले काढा. साखळीचा पेला होता तो बरा होता."

म्हटलं, साहेब, ताप आहे.

"ताप म्युनिसिपालटी बघेल."

"मुलं उष्टं पाणी परत पिंपात ओततात."

"इतकी वर्षं ओततातच की. मेली का?"

बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं. चष्मा काढून पुसायला लागले. मी म्हटलं, मला थोडे दिवस द्या. सोमवारपर्यंत दिले.

साखळी परत लावायची तर मला त्या वर्गात उभं राहता येणार नाही. पेले तसेच ठेवायचे तर मंदा गेली, आणि ती का गेली हे बाकीच्या मुलांना माझ्याकडून शिकायला मिळालं. हातपाय धुवायला शिकवता शिकवता हे शिकवलं.

काय करावं कळत नाही. भात करपला.


शनिवार, १२ जुलै

शाळा सुटल्यावर गायकवाडांकडे गेलो. डिलाईल रोडची चाळ, वरचा मजला. गॅलरीत पावडरचा वास. शेजारच्या खोलीच्या दाराला ओलं फडकं, आत कुणीतरी कण्हत होतं. विचारलं तर एक म्हातारी म्हणाली, "मुदतीचा. सुनेला."

गायकवाड घरी होते. या म्हणाले. खाली सतरंजी टाकली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, नवी, हार घातलेली. मंदा मला बघून आईच्या मागे गेली.

मंदाच्या आईने पेल्यात पाणी आणून पुढे धरलं.

शा. गेल्यापासून मी बाहेर कुठे पाणी पीत नाही. घरचं उकळलेलं, तेवढंच. गिरगावातसुद्धा चहा घेतो, पाणी नाही. हे कुणाला सांगितलेलं नाही. आणि शेजारी ताप, एकच नळ मजल्याला.

पेला हातात घेतला. घेतला आणि तसाच धरला. किती वेळ ते माहीत नाही. फार नसेल. पण गायकवाड बघत होते, त्यांची बायको बघत होती, आणि मला कळत होतं की बघतायत.

प्यायलो. सगळं प्यायलो.

गायकवाड म्हणाले, "विचार करून प्यालात."

मी पेला खाली ठेवला. मग तेच बोलायला लागले, आवाज चढवून नाही. "मी त्रासनात आहे, सूत कातायच्या खात्यात. साच्यावरचं, कापड विणायचं काम मला येतं. एका दोस्ताच्या जागी दोन रात्री चालवलाय साचा, कुणाला पत्ता नाही. पण आमच्या माणसाला तिकडे घेत नाहीत. का, माहीत आहे? धोट्यात कांडी भरली की दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागतो. ज्याची पाळी येईल त्याने त्याच धोट्याला तोंड लावायचं. तिथं रोग लागत नाही बघा कुणाला. क्षयवाल्याचं तोंड चालतं. माझं चालत नाही. आता तुम्ही सांगा, मी पोरीला काय सांगू? तुझं तोंड रोगासाठी वेगळं ठेवलंय की कशासाठी?"

 मनात होतं ते निघून गेलं तोंडातून. म्हटलं, "माझी मुलगी गेल्या श्रावणात गेली. मुदतीच्या तापानं. पाण्यानं गेली असं मला वाटतं."

मंदाच्या आईने पदर तोंडाला लावला. "काय नाव होतं?"

"शालिनी. शालू."

वर्षभरात हे नाव मी मोठ्याने घेतलं नव्हतं. परक्या खोलीत घेतलं.

गायकवाड खाली बघत होते. म्हणाले, "वाईट झालं, गुरुजी. आमचाही एक गेलाय, मंदाच्या आधीचा. पण खिडकीत का, ते राहिलंच."

"फळी खरंच भरली होती."

"असेल. भरली की आमचाच बाहेर राहतो, एवढंच मी म्हणतो. दुसऱ्या कुणाचा काढून खिडकीत ठेवायचं तुमच्या मनात आलं नाही."

नाही आलं. खरं आहे ते. मी विचार करूनसुद्धा आलं नसतं.

निघताना विचारलं, मंदाला पाठवाल का.

"बघू. तुम्ही काय करता ते आधी बघू."


रविवार, १३ जुलै

गिरगावला गेलो नाही. पोट बिघडलंय का सारखं चाचपून बघतो. काही नाही. भीती आहे नुसती.

संध्याकाळी मैदानावर संयुक्त महाराष्ट्राची सभा. खिडकीतून आवाज येत होता म्हणून खाली उतरलो. मिरवणूक पुलावरून येत होती. पुढच्या कापडी फलकाच्या दोन काठ्या दोघांनी धरलेल्या. एक बाळूचे वडील सावंत, दुसरे गायकवाड. वाऱ्याने कापड फुगत होतं तसे दोघं एकमेकांना ओरडून सांगत होते, "ताण रे, ताण! तुझ्या बाजूनं सैल पडलाय!" "तूच ढिला सोडलायस!" मग दोघं मिळून "झालाच पाहिजे!"

गायकवाडांनी मला पाहिलं. मान हलवली. हसले नाहीत.


सोमवार, १४ जुलै

रात्री ठरवलं, सकाळी केलं. सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. सगळे पेले एका घमेल्यात. पेला कुणाचा नाही, सगळ्यांचा. पाणी प्यायचं, पेला दुसऱ्या घमेल्यात टाकायचा. उष्टा पेला परत कुणी घ्यायचा नाही. रोज दोघांनी हजेरीच्या क्रमाने राखेने घासायचे, काठ दोनदा, मग उकळत्या पाण्यातून काढायचे. ते शेवटचं काम माझं. बिनदांडीचा कप फेकला. माझ्याकडचे दोन पेले घातले.

हे.मा. म्हणाले, "आधीचं सोपं होतं." मग म्हणाले, "तुमच्या जबाबदारीवर." साखळीचा विषय निघाला नाही.

सखारामने घासलेट लपवून ठेवलं होतं. चहा पाजला तेव्हा काढलं.

पोरांना खेळ वाटतोय. "आज मला चांदीसारखा आला!" "मला कदमाच्या घरचा आला!" कदमाचा सगळ्यांना हवा असतो, त्यावर मोर आहे. टमरेलाची आठवण अजून काढतात.

मंदा नाही.


बुधवार, १६ जुलै

सावंतबाई आल्या. आज हळू बोलल्या नाहीत.

"ह्या काय चललासा? आमचो पेलो कोणाच्याय तोंडाक? मी घराकडसून दिलेलो, माझ्या सासऱ्याचो पेलो तो."

म्हटलं, उकळत्या पाण्यातून काढतो. रोगाची भीती नाही.

"रोगाचा कोण बोलता?"

हेच मला त्या शनिवारी हवं होतं, की त्यांनी स्पष्ट बोलावं आणि मी स्पष्ट उत्तर द्यावं. म्हटलं, "मग कशाचं बोलता? सांगा मुलांसमोर."

बाई गडबडल्या. "तुमका म्हायती हा."

"मला माहीत आहे. म्हणूनच पेले एकत्र केले. पटत नसेल तर बाळूला पाठवू नका."

माझा आवाज चढला होता.  इतकी वर्षं शिकवतोय, मुलांनी तो आवाज ऐकला नव्हता. बाईंनी बाळूचा दंड धरला आणि सासऱ्याचा पेला घमेल्यातून शोधून काढला. बाळू जाताना मागे बघत होता. आज पेले घासायची पाळी त्याचीच होती.

 तास झाल्यावर जिन्यात उभा राहिलो. दोन मुलं गेली माझ्यामुळे, दोन बाजूंनी. गायकवाडांना हे कळेल का? कळावं म्हणून बोललो का? तसं नसावं.


शुक्रवार, १८ जुलै

बाळू परत आला. आईने जिन्यातूनच आत ढकलला. "घराक रवान जीव खाता माझो. घेवा तुमचो." माझ्याकडे बघितलं नाही. सासऱ्याचा पेला त्याच्या दप्तरात, फक्त त्यातूनच प्यायचं अशी ताकीद.

दुसऱ्या सुट्टीत पाहिलं. त्या पेल्यात गोट्या भरलेल्या, आणि हा घमेल्यातला मोराचा पेला दोघांशी भांडून मिळवतोय.

पाळी राहिली होती म्हणून पेले घासायला बसवलं. घासले. सदरा, चड्डी, शेजारी बसलेली दोन पोरं, सगळं भिजवलं.

दुसरीतला मुलगा बरा होतोय म्हणतात. मला अजून काही नाही. सहा दिवस झाले पाणी पिऊन. दवाखान्यातले म्हणाले होते, दोन आठवडेही लागतात.


रविवार, २० जुलै

गिरगाव. हिला सगळं सांगितलं. पाण्याचं सांगितलं तेव्हा हातातलं काम थांबलं. कपाळाला हात लावून बघितला माझ्या. वर्षभरात पहिल्यांदा.

"ताप नाही," म्हणाली. मग, "नाव घेतलंत?"

"घेतलं. त्या बाईंनी विचारलं."

"पूर्ण घेतलंत की शालू?"

"दोन्ही."

 उठून आत गेली. आत नळ बराच वेळ वाहत होता.

परवा अधिक श्रावण लागला. यंदा श्रावण दोन. तिची तिथी कोणत्यात धरायची? भटजींना विचारून उपयोग नाही, लहान मुलाचं श्राद्ध नसतं असं तेव्हाच म्हणाले होते. हिला विचारायचं होतं. राहिलं.


सोमवार, २१ जुलै

मंदा आली.

प्रार्थनेनंतर बघतो तर दारात. वेणी घट्ट, रुमाल पिनेने लावलेला, नखं कापलेली. बापाने जिन्यापर्यंत सोडली म्हणाली. तिला तिच्या जागी बसवलं. काही विशेष केलं नाही. करू नये असं वाटलं.

मधल्या सुट्टीत सगळी पोरं पिंपाकडे पळाली. ती बसून राहिली. म्हटलं, पाणी?

"तहान नाही, गुरुजी."


मंगळवार, २२ जुलै

आजही प्यायली नाही. डब्यात कोरडी भाकरी आणि चटणी होती. लाल. खाताना डोळ्यांत पाणी आलं तिच्या, तरी उठली नाही. ओठ सुकलेले. शाळा सुटल्यावर बाकीची पोरं रेंगाळतात, ही धावत सुटली. घरी जाऊन पीत असेल.

दुपारी स्वच्छतेचा पाठ होता. "दिवसातून पुष्कळ पाणी प्यावे." मंदाने सगळ्यांत स्पष्ट म्हटलं. पाठ आहे तिला.

एवढ्या लहान मुलीला दिवसभर तहान मारायची सवय लागतेय. आणि ती माझ्या वर्गात लागतेय. उकळलेलं पाणी, धुतलेले पेले, सगळं समोर ठेवलेलं. हात धरून पाजता येत नाही.


बुधवार, २३ जुलै

नखं कापली. मंदाची कापायची नव्हती, तरी हात पुढे केला तिने. बघून सोडला.

शाळा सुटताना फाटकाशी गायकवाड. मी होऊन गेलो. म्हटलं, "तुम्ही तिला सांगितलंय का, शाळेत पाणी पिऊ नको म्हणून?"

"नाही. मी एवढंच म्हटलं, तुला वाटेल तेव्हा पी. तिला अजून वाटत नाही."

"असं किती दिवस?"

"मला काय विचारता, गुरुजी? ती तुमच्या वर्गात बसते."

मग पाळीचं काढलं. शुक्रवारी पेले घासायची पाळी मंदाची येते. काल रात्रभर तेच डोक्यात. बसवलं तर हे म्हणतील आमच्या पोरीला भांडी घासायला लावली. वगळलं तर पुन्हा वेगळी. सरळ विचारलं.

"सगळ्यांची येते पाळी?"

"सगळ्यांची."

"सावंताच्या पोराची?"

"गेल्या शुक्रवारी. अर्धा वर्ग भिजवला."

ओठ हलले त्यांचे. जवळजवळ हसलेच. "सावंत मला बोलला नाही हे. रोज संध्याकाळी सोबत असतो, हे नाही बोलला." मग म्हणाले, "तिचं नाव येईल तेव्हा पुकारा. आधी नाही, मागून नाही."


शुक्रवार, २५ जुलै

नाव पुकारलं. मंदा उठली. जोडीला कदमांचा. राख घेतली, पेला घेतला, काठ दोनदा घासला. कदमाने एकदाच घासून ठेवला तर तिने तो परत त्याच्या हातात दिला. "गुरुजींनी दोनदा सांगितलंय." तो म्हणाला, "तू काय गुरुजी आहेस?" तरी घासला.

सगळे उकळत्या पाण्यातून काढून घमेल्यात ठेवले. मोराचा पेला वर आला होता.

मधल्या सुट्टीची घंटा झाली तसा मी उठून बाहेर गॅलरीत गेलो. आतून पितळेचा, जर्मनचा आवाज, ढकलाढकली, "माझा आहे, माझा आहे." मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. माझ्यासमोर पिणं तिला जड जात असेल असं वाटलं. किंवा ती पीत नाही हे मला आज पुन्हा बघायचं नव्हतं. खाली गिरणीची पाळी सुटत होती. घंटा होईपर्यंत वळलो नाही.

आत आलो. उष्ट्या पेल्यांचं घमेलं भरलेलं, सगळे ओले. त्यावरून काही कळत नाही. मंदा जागेवर, पाटीवर रेघा आखत होती. ओठांकडे बघायचं टाळलं.

बाळू उभा राहिला. "गुरुजी, मंदानं ना..."

"बस खाली."

"पण गुरुजी, तिनं..."

"खाली बस, बाळू. पाटी काढ."

बसला. फुरंगटून बसला. ती प्यायली की नाही, हे मला चहाडीतून कळायला नको होतं. शेजारच्याच्या कानात काही सांगायला गेला, मी त्याच्याकडे बघितलं, तोंड मिटलं.

उजळणी घेतली. मंदाने बरोबर म्हटली. सुटताना ती धावली नाही. की धावली, माझं लक्ष नव्हतं. जिन्यात खूप पोरं होती.

सखाराम सभेला जायचं म्हणून लवकर गेला. पिंपात तळाशी थोडं पाणी उरलं होतं. मोरीत ओतलं. काथ्याने आतून पिंप घासलं आणि भिंतीशी पालथं घालून ठेवलं.